सद्हेतूची चिकित्सा : परदेशातील वंचित मुलांसाठी विद्यार्थी-स्वयंसेवकांचे कलाउपक्रम

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एका परदेशी विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा गट आमच्या भागात आला होता. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका साखरशाळेत दहा दिवस चित्रकलेचा उपक्रम घ्यावा, असे ठरले होते. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम पाहत असल्याने दुभाष्याची जबाबदारी प्रस्तुत लेखकाकडे आली. ते दहा दिवस मुलांसाठी आनंदाचे होते, याबद्दल शंका नाही. पाचटाच्या कोपींमध्ये राहणाऱ्या, पहाटेच आईवडील फडावर गेल्यावर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शाळेत येणाऱ्या त्या मुलांना एवढे रंग आणि एवढा कोरा कागद पूर्वी कधी मिळाला नव्हता. शेवटच्या दिवशी सर्व चित्रे गोळा करण्यात आली; त्या विद्यापीठात त्यांचे प्रदर्शन भरणार होते. गट निघून गेल्यावर एका मुलीने आपले चित्र परत कधी मिळणार, असे विचारले. ‘विचारून सांगतो’ असे उत्तर तिला दिले गेले. पुढे गळीत हंगाम संपला, कुटुंबे आपापल्या गावी परतली आणि ते विचारणे राहून गेले.

प्रस्तुत लेखाचे मूळ त्या राहून गेलेल्या उत्तरात आहे. त्या मुलीच्या प्रश्नात वरवर दिसतो त्यापेक्षा अधिक आशय आहे. चित्र कोणाचे? ते कोणासाठी काढले गेले? ते पाहणाऱ्याला त्यातून नेमके काय मिळाले आणि काढणाऱ्याला काय मिळाले? परदेशात जाऊन वंचित मुलांसाठी कलाशिक्षणाचे उपक्रम चालविणाऱ्या विद्यार्थी-स्वयंसेवकांची चळवळ आज बरीच पसरली आहे. तिच्यावर टीका करणारे लेखनही विपुल आहे. परंतु बहुतेक टीका स्वयंसेवकांच्या मानसिकतेभोवती फिरते. मुलांनी निर्माण केलेल्या कलाकृतीचे पुढे काय होते, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. ही उणीव लक्षात घेऊन प्रस्तुत लेखाची मांडणी केली आहे.

अभ्यासाची व्याप्ती आणि भूमिका

प्रस्तुत लेखात तीन उदाहरणे प्रामुख्याने विचारात घेतली आहेत. पहिले उदाहरण म्हणजे इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांसमोर केलेले भाषण. दुसरे, ‘बॉर्न इन्टू ब्रॉथल्स’ हा २००४ चा माहितीपट. तिसरे, वेंडी ईवाल्ड या अमेरिकन छायाचित्रकार व शिक्षिकेचे कार्य आणि त्यातून पुढे आलेला टांझानियातील विद्यार्थ्यांचा उपक्रम. दुसऱ्या उदाहरणातील छायाचित्रकार विद्यार्थिनी नव्हती, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. तथापि परदेशी व्यक्तीने वंचित मुलांच्या हाती कलेचे साधन देणे, या कृतीची जगभर सर्वाधिक पाहिली गेलेली प्रतिमा तो माहितीपट निर्माण करतो. म्हणून त्याचा विचार टाळता येत नाही.

असे उपक्रम सर्वस्वी निरुपयोगी असतात, अशी या लेखाची भूमिका नाही. त्यांचे मूल्यमापन करताना सद्हेतू हा निकष पुरेसा नाही, एवढेच येथे प्रतिपादन करावयाचे आहे. सद्हेतू तपासता येत नाही. व्यवहार मात्र तपासता येतो आणि म्हणून चिकित्सा व्यवहाराची व्हावयास हवी.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांनी परदेशात जाऊन सेवा करावी, ही कल्पना आधुनिक काळात शीतयुद्धाच्या वातावरणात बळावली. १४ ऑक्टोबर १९६० रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, जॉन एफ. केनेडी यांनी मिशिगन विद्यापीठात जमलेल्या विद्यार्थ्यांना विकसनशील देशांत काही वर्षे देण्याची तयारी आहे का, असे विचारले. १ मार्च १९६१ रोजी त्यांच्या आदेशाने ‘पीस कोअर’ची स्थापना झाली. या योजनेमागे आदर्शवाद होता, तसेच साम्यवादी प्रभावाला शह देण्याचे परराष्ट्र धोरणही होते. तिच्यात स्वयंसेवकाला दोन वर्षे राहावे लागे आणि स्थानिक भाषेचे प्रशिक्षण घ्यावे लागे, ही गोष्ट येथे नोंदविणे आवश्यक आहे. पुढील काळात विद्यार्थ्यांच्या सुट्यांच्या मापाने बेतलेल्या दोन-तीन आठवड्यांच्या सेवा-सहली वाढल्या. सेवेचा काळ आक्रसला, भाषेची अट गळाली. सेवेविषयीची भाषा मात्र तेवढीच उदात्त राहिली.

या अल्पकालीन उपक्रमांत कलेला विशेष स्थान मिळाले, याला कारणे आहेत. गणित किंवा वाचन शिकवायचे तर मुलांची भाषा यावी लागते, अभ्यासक्रम माहीत असावा लागतो आणि शिकविल्याचा परिणाम मोजला जातो. रंग, माती, कॅमेरा यांना भाषा लागत नाही, असे गृहीत धरले जाते. शिवाय कला फलित लगेच दाखविते. दहा दिवसांत कोणी वाचायला शिकत नाही, परंतु दहा दिवसांत एक भिंत रंगविता येते आणि तिच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढता येते. कलेची निवड पुष्कळदा मुलांच्या गरजेतून न होता स्वयंसेवकाच्या मर्यादेतून होते, हे त्यामुळेच लक्षात घ्यावे लागते.

इलिच यांचा आक्षेप आणि त्याची मर्यादा

व्हिएन्नात जन्मलेले आणि मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे कार्य करणारे इव्हान इलिच (१९२६–२००२) हे ‘डीस्कूलिंग सोसायटी’ (१९७१) या ग्रंथामुळे शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहेत. त्याआधी तीन वर्षे, २० एप्रिल १९६८ रोजी, त्यांनी मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सेवाकार्यासाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या परिषदेसमोर भाषण केले. ते ‘टू हेल विथ गुड इन्टेन्शन्स’ या नावाने प्रसिद्ध आहे. यजमानांनी बोलावलेल्या वक्त्याने यजमानांनाच ‘जाऊ नका’ असे सांगावे, हा प्रकार विरळाच म्हटला पाहिजे.

इलिच यांच्या युक्तिवादाचा गाभा असा सांगता येईल : स्वयंसेवक आपल्याबरोबर केवळ श्रम नेत नाही, तो आपली जीवनपद्धतीही नेतो आणि नकळत तिचा प्रचारक होतो. ज्यांच्यासाठी तो जातो त्यांची भाषा त्याला येत नसल्यामुळे ते त्याला नाकारू शकत नाहीत. त्यांचा नकार त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आपल्याच शहरातील गरीब वस्तीत काम केले तर निदान तेथील माणूस तोंडावर ‘चालता हो’ म्हणू शकतो. म्हणून विद्यार्थ्यांनी लॅटिन अमेरिकेत पाहायला, शिकायला, फिरायला जरूर यावे. मदत करायला येऊ नये, असा त्यांचा आग्रह होता.

या विवेचनातील नकाराचा मुद्दा कलाउपक्रमांच्या संदर्भात सर्वांत मोलाचा आहे. कलेला भाषा लागत नाही हे गृहीतक येथे उघडे पडते. चित्र काढायला भाषा लागत नसेल. परंतु चित्र काढायचे नाही, हे चित्र दाखवायचे नाही, हे चित्र देणार नाही, हे सांगायला भाषा लागतेच. साखरशाळेतील त्या मुलीचा प्रश्न गट गेल्यानंतर आला, कारण गट असताना तो विचारण्याची सोय नव्हती. दुभाषा होता, पण तो पाहुण्यांचे म्हणणे मुलांपर्यंत नेण्यासाठी नेमलेला होता, मुलांचे म्हणणे पाहुण्यांपर्यंत नेण्यासाठी नव्हे. हा दोष कोणा परदेशी विद्यार्थ्याचा नसून दुभाष्याचा, म्हणजे प्रस्तुत लेखकाचाही आहे.

तथापि इलिच यांची भूमिका जशीच्या तशी स्वीकारण्यात अडचण आहे. मुलांना ते स्वतंत्र घटक म्हणून विचारात घेत नाहीत. त्यांच्या विवेचनात समुदाय आहे, पण मूल नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने हा विचार पुढे नेला. या संहितेच्या कलम १२ नुसार आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि कलम ३१ नुसार खेळण्याचा व कलाजीवनात सहभागी होण्याचा मुलाचा हक्क मान्य झाला आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. विद्यार्थी-स्वयंसेवकांची मोठी परंपरा असलेल्या अमेरिकेने तिच्यावर १९९५ मध्ये स्वाक्षरी केली, परंतु अद्याप तिला मान्यता दिलेली नाही. कला हा मुलाचा हक्क असेल, तर ती देणारा कोण एवढ्यावरून ती नाकारता येणार नाही. मात्र हक्काची गोष्ट दान म्हणून दिली जाऊ लागली, तर तिचे स्वरूप बदलते. कलम ३१ ची पूर्तता करताना कलम १२ चा विसर पडणे, हेच या उपक्रमांचे मुख्य दुखणे आहे.

‘बॉर्न इन्टू ब्रॉथल्स’ : कॅमेरा कोणाच्या हाती?

झाना ब्रिस्की आणि रॉस कॉफमन यांनी दिग्दर्शित केलेला हा माहितीपट कोलकात्याच्या सोनागाछी या वस्तीतील आठ मुलांची कथा सांगतो. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे घेण्यासाठी आलेल्या ब्रिस्की या ब्रिटिश वंशाच्या छायाचित्रकार तेथील मुलांना कॅमेरे देतात आणि छायाचित्रणाचे वर्ग सुरू करतात. मुलांच्या छायाचित्रांची प्रदर्शने भरतात, न्यूयॉर्कमध्ये लिलाव होतो, त्यांतील एका मुलाला ॲमस्टरडॅमला जाण्याची संधी मिळते. मुलांना निवासी शाळांत प्रवेश मिळवून देण्याची ब्रिस्की यांची धडपड हा चित्रपटाचा दुसरा धागा आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये या माहितीपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

या कलाकृतीचे गुण मान्य करूनच पुढे जावे लागेल. मुलांनी काढलेली छायाचित्रे पडद्यावर स्थिर होतात, तेव्हा चित्रपटाची गती थांबते आणि आपण दिग्दर्शकांचे नव्हे, मुलांचे पाहणे पाहू लागतो. गल्ली, गच्ची, दारातला पडदा, धावणारे भावंड या गोष्टी बाहेरच्या कॅमेऱ्याला दयनीय दिसतात. मुलांच्या कॅमेऱ्याला त्या ओळखीच्या आणि म्हणून खेळकर दिसतात. समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीतील छायाचित्रांत हा खेळकरपणा विशेष जाणवतो. मुले छायाचित्रांच्या संपर्कपत्रिका पाहून आपली व एकमेकांची छायाचित्रे निवडतात आणि त्यांवर बोलतात. शिकविण्याची खरी प्रक्रिया त्या दृश्यांत घडते. दुर्दैवाने ती दृश्ये थोडी आहेत.

चित्रपटाची मुख्य रचना मात्र वेगळी आहे. त्याचे कथन ब्रिस्की यांच्या आवाजात होते, कार्यालयांत खेटे त्या घालतात, शिधापत्रिका आणि पारपत्र यांच्या नोकरशाहीशी त्या लढतात. मुले सुटकेची वाट पाहणारी, माता अडथळा ठरणाऱ्या आणि परदेशी छायाचित्रकार सोडविणारी, असे तीन भाग चित्रपटात आपोआप पडतात. मातांच्या भांडणांची आणि शिव्यांची दृश्ये आहेत. पण याच माता आपल्या मुलांविषयी काय विचार करतात, हे त्यांच्या तोंडून सलगपणे ऐकायला मिळत नाही.

या अनुपस्थितीला एक ठोस ऐतिहासिक बाजू आहे. सोनागाछी ही असंघटित, मूक वस्ती नव्हती. १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांच्या पुढाकाराने तेथे एचआयव्ही-प्रतिबंधाचा प्रकल्प सुरू झाला आणि त्यात या स्त्रियांनाच आरोग्यशिक्षक म्हणून तयार करण्यात आले. त्यातून १९९५ मध्ये ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. सावकारीच्या विळख्यातून सुटण्यासाठी ‘उषा’ ही सहकारी संस्था त्याच वर्षी स्थापन झाली. ‘कोमल गांधार’ या नावाचे नृत्य-नाट्य पथकही दुर्बारने चालविले. म्हणजे कलेचा उपक्रम तेथे आधीपासून होता आणि तो वस्तीतील स्त्रिया व मुले स्वतः चालवीत होती. पुढे तेथील मुलांनी ‘आमरा पदातिक’ ही स्वतःची संघटनाही काढली. चित्रपटात यांपैकी कशाचाही मागमूस नाही. ऑस्करनंतर दुर्बारने चित्रपटावर जाहीर आक्षेप घेतला, त्याचे हेच एक प्रमुख कारण होते. महाराष्ट्रातील वाचकाला सहकारी पतसंस्थेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. सावकाराच्या तावडीतून सुटण्यासाठी पतसंस्था काढणाऱ्या स्त्रियांना केवळ असहाय म्हणून दाखविणे ही वस्तुस्थितीची गंभीर विकृती होय.

गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८८ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न, कनिष्ठ जन बोलू शकतात का, मराठी समीक्षेत अनेकदा आला आहे. येथे त्याची थोडी वेगळी आवृत्ती दिसते. मुलांना कॅमेरा देऊन त्यांना बोलते केले, असे चित्रपट सुचवितो. परंतु कोणते छायाचित्र प्रदर्शनात जाईल, कोणते लिलावात जाईल, कोणते चित्रपटात कोणत्या संगीतावर येईल, हे ठरविणारा हात मुलांचा नाही. शटर मुलांनी दाबले, चौकट मात्र दुसऱ्याने ठरविली. कॅमेरा हाती देणे आणि निवडीचा अधिकार देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एक गोष्ट चित्रपटाच्या बाजूने सांगितली पाहिजे. सर्व मुलांचे कल्याण झाले, असा खोटा शेवट तो करीत नाही. कोणती मुले शाळेत टिकली, कोणाला घरी परत नेण्यात आले, हे शेवटच्या अक्षरपाट्यांवर नोंदविलेले आहे. त्या नोंदी वाचताना चित्रपटाने आपणच मांडलेल्या सुटकेच्या कल्पनेला तडा जातो. तो तडा का गेला, याचा शोध मात्र चित्रपट घेत नाही. मातांना वगळून मुलांचे भविष्य ठरविता येत नाही, हे त्याचे सरळ उत्तर होते.

वेंडी ईवाल्ड : परत जाण्याची शिस्त

याच साधनाचा, म्हणजे कॅमेऱ्याचा, वेगळा उपयोग ईवाल्ड यांच्या कार्यात दिसतो. १९६९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, या अमेरिकन तरुणीने कॅनडातील लॅब्राडोर येथे इनू या आदिवासी समाजाच्या मुलांना छायाचित्रण शिकविण्यास प्रारंभ केला. विद्यार्थिदशेतील स्वयंसेवकाने परदेशातील वंचित मुलांसाठी चालविलेला कलाउपक्रम, असेच त्याचे वर्णन करावे लागेल; आणि तो इलिच यांच्या भाषणाच्या पुढच्याच वर्षी सुरू झाला, हा योगायोग बोलका आहे. त्या ठिकाणी ईवाल्ड स्वतःही छायाचित्रे काढीत होत्या. मुलांची छायाचित्रे आपल्यापेक्षा अधिक गुंतागुंतीची आणि अस्वस्थ करणारी आहेत, हे त्यांना तेथे जाणवले आणि त्यांच्या पुढील कार्याची दिशा त्यातून ठरली. शिकवायला गेलेल्या व्यक्तीने आपली दृष्टी अपुरी असल्याचे ओळखणे, ही या कार्याची पहिली पायरी होती.

पुढे १९७० च्या दशकात त्या केंटकी राज्यातील ॲपलेशियन डोंगराळ भागात स्थायिक झाल्या आणि तेथील ग्रामीण शाळांत शिकवू लागल्या. मुले कॅमेरा केवळ वापरत नसत, अंधारखोलीत आपली छायाचित्रे स्वतः धुऊन तयार करीत असत. स्वतः, कुटुंब, प्राणी आणि स्वप्ने हे विषय दिले जात. स्वप्नाचे छायाचित्र कसे काढायचे, हा प्रश्न मात्र मुलांवर सोडला जाई. त्यातून ‘पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स’ (१९८५) हे पुस्तक सिद्ध झाले. कोलंबियातील राकिरा आणि गुजरातमधील विछिया या गावांतही त्यांनी मुलांबरोबर काम केले. स्वप्नाचा विषय पद्धती म्हणून महत्त्वाचा आहे. गरीब मुलाला त्याच्या घराचे छायाचित्र काढायला सांगितले की पाहणाऱ्याला गरिबी दिसते. स्वप्नाचे काढायला सांगितले की मूल दिसते. वंचिततेचा पुरावा मागणारा विषय आणि कल्पनाशक्तीला आवाहन करणारा विषय यांत हा मूलभूत भेद आहे.

२०२० मध्ये याच ‘पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स’ नावाचा माहितीपट प्रसिद्ध झाला. त्यात ईवाल्ड सुमारे पस्तीस वर्षांनंतर केंटकीतील आपल्या विद्यार्थ्यांकडे परत जातात. मध्यमवयीन झालेले विद्यार्थी आपल्या लहानपणीच्या छायाचित्रांचा अर्थ स्वतः सांगतात. सोनागाछीवरील माहितीपटात मुलांचे भवितव्य दोन ओळींच्या पाट्यांवर आटोपते. येथे तीच मुले मोठी होऊन आपल्याच कलाकृतीचे समीक्षक होतात. ही तुलना ईवाल्ड यांना थोडी झुकते माप देणारी आहे, हे मान्य केले पाहिजे; केंटकी हा त्यांच्या स्वतःच्या देशाचा, स्वतःच्या भाषेचा प्रदेश होता. पण त्यातूनच निष्कर्ष निघतो तो असा की भाषा आणि दीर्घ सहवास या दोन गोष्टींना पर्याय नाही.

मग अल्पकाळासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याने काय करावे? याचे एक व्यवहार्य उत्तर टांझानियातील अरुशा येथे आढळते. ड्यूक विद्यापीठात ईवाल्ड यांच्या पद्धतीतून ‘लिटरसी थ्रू फोटोग्राफी’ हा उपक्रम विकसित झाला आणि ‘ड्यूकएंगेज’ या योजनेखाली तेथील पदवीचे विद्यार्थी अरुशात जाऊ लागले. त्यांच्या कामाचा भर स्थानिक शिक्षकांबरोबर काम करण्यावर होता. अत्यल्प साधने असलेल्या मोठ्या वर्गांत छायाचित्राच्या आधारे लेखन-वाचन कसे शिकविता येईल, याची तयारी टांझानियन शिक्षकांबरोबर करणे, हे तिचे स्वरूप. विद्यार्थी परतले तरी शिक्षक तेथेच राहतो आणि पद्धत त्याच्या हाती राहते. मुलाशी भावनिक जवळीक साधून काही आठवड्यांत निघून जाण्यापेक्षा हे काम कमी आकर्षक आहे. त्याची छायाचित्रेही तितकी हृद्य येत नाहीत. परंतु ते अधिक जबाबदारीचे आहे.

जवळीक साधून निघून जाण्याचा दुष्परिणाम हा आता केवळ तर्काचा विषय राहिलेला नाही. लिंडा रिक्टर आणि ॲमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये आफ्रिकेतील अनाथालयांच्या संदर्भात, वारंवार जुळणाऱ्या आणि तुटणाऱ्या नात्यांमुळे लहान मुलांच्या भावनिक विकासाला धोका पोहोचतो, याकडे लक्ष वेधले. कंबोडियात २०११ मध्ये ‘मुले म्हणजे पर्यटनस्थळे नव्हेत’ अशा आशयाची मोहीम युनिसेफच्या पाठिंब्याने चालविण्यात आली. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कविषयक ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेच्या संभाव्य अपायांची दखल घेतली. आपल्या महाविद्यालयांनी परदेशी गटांचे यजमानपद स्वीकारताना ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे.

कलाकृतीची मालकी आणि नावाचा प्रश्न

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येता येईल. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्राचा कर्ता चित्रकार आणि छायाचित्राचा कर्ता ते काढणारी व्यक्ती असते. कर्त्याच्या वयाची अट कायद्यात नाही. रंग आणि कागद दुसऱ्याने दिले, एवढ्याने मालकी बदलत नाही. म्हणजे साखरशाळेतील नऊ-दहा वर्षांची मुलगी कायद्याने आपल्या चित्राची कर्ती आणि कॉपीराइटची पहिली मालक होती. कलम ५७ नुसार कर्तेपण सांगण्याचा नैतिक हक्कही तिचाच होता. चित्र नेताना तिला किंवा तिच्या पालकांना कोणी विचारले नाही. विचारायला हवे होते, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आले नाही. मोठ्या चित्रकाराच्या बाबतीत असा प्रकार घडता, तर त्याला आपण कोणता शब्द वापरला असता, याचा विचार करावा.

नावाचा प्रश्न अधिक बिकट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टेरेझिनच्या वस्तीत कोंडलेल्या मुलांना फ्रिडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीने १९४२ ते १९४४ या काळात चित्रकला शिकविली. आपापल्या चित्रावर नाव घालण्याचा तिचा आग्रह असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑश्विट्झ येथे तिची हत्या झाली. तिने जपून ठेवलेली हजारो चित्रे आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांतील बहुतेक मुले वाचली नाहीत, पण चित्रांवरील नावांमुळे ती निव्वळ संख्या झाली नाहीत. ती बाहेरून आलेली स्वयंसेविका नव्हती, त्याच वस्तीत कोंडलेली शिक्षिका होती. तेथे तुलना संपते. तरीही नावाचे मोल काय, हे त्या उदाहरणातून कळते.

उलटपक्षी, आज बालसंरक्षणाच्या दृष्टीने मुलाचे नाव आणि चेहरा जाहीर करू नये, असा योग्य संकेत आहे. विशेषतः जेथे वस्तीच्या नावानेच मुलावर कलंक बसू शकतो, तेथे तो कसोशीने पाळला पाहिजे. मग नाव द्यावे तर सुरक्षितता धोक्यात, न द्यावे तर कर्तेपण हिरावले जाते, असा पेच निर्माण होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते यातून मार्ग काढण्यासाठी प्रदर्शन हा उपक्रमाचा स्वाभाविक शेवट आहे, हे गृहीतकच सोडावयास हवे. चित्र प्रथम मुलाकडे आणि त्याच्या घरी राहावे. दाखवावयाचे असेल तर प्रथम त्याच वस्तीत, त्याच्या आईवडिलांना दाखवावे. तेथे नाव लपविण्याचे कारणच नाही. बाहेर न्यावयाचे असल्यास प्रत न्यावी, आणि तीही विचारून. दूरदेशीच्या अनोळखी प्रेक्षकाला मुलाचे चित्र पाहण्याचा हक्क नसतो. त्याला ते पाहू दिले तर तो मुलाने केलेला अनुग्रह होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. अल्पकालीन उपक्रमांत कलेची निवड अनेकदा मुलांच्या गरजेपेक्षा स्वयंसेवकांच्या भाषिक मर्यादेतून आणि दृश्य फलिताच्या ओढीतून होते.

२. नकार देण्याची सोय नसेल तेथे सहभागाला संमती म्हणता येत नाही. दुभाषा हा दोन्ही बाजूंचा असला पाहिजे.

३. कलेचे साधन देणे पुरेसे नाही. निवडीचा, न दाखविण्याचा आणि परत मागण्याचा अधिकारही मुलांना द्यावा लागतो.

४. वस्तीत आधीपासून असलेल्या संघटना, शिक्षक आणि माता यांना वगळून केलेला उपक्रम मुलांना त्यांच्याच माणसांपासून तोडण्याचा धोका पत्करतो.

५. अल्पकाळ येणाऱ्या विद्यार्थ्यांनी मुलांपेक्षा स्थानिक शिक्षकांबरोबर काम करणे अधिक हितावह होय.

६. मुलांची चित्रे ही त्यांची मालमत्ता आहे, हे यजमान महाविद्यालयाने लेखी स्वरूपात मान्य केले पाहिजे.

समारोप

या विवेचनाचा रोख केवळ परदेशी विद्यार्थ्यांकडे आहे, असे कोणास वाटू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या अभ्यासक्रमांत सामुदायिक सहभागाच्या उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत. आपले विद्यार्थी झोपडपट्ट्यांत, वीटभट्ट्यांवर, तांड्यांवर आणि पाड्यांवर रंगपेट्या घेऊन जाणार आहेत, पुष्कळ ठिकाणी जातही आहेत. गोरमाटी बोलणाऱ्या मुलासमोर प्रमाण मराठी बोलणारा आपला विद्यार्थीही परकाच असतो. त्यासाठी पारपत्र लागत नाही. अहवालात उपक्रमाची छायाचित्रे जोडण्याची घाई आपल्यालाही असते. मूल्यमापन समितीसमोर ठेवलेल्या किती धारिकांत मुलांची मूळ चित्रे चिकटविलेली आहेत, याची प्रत्येक महाविद्यालयाने एकदा स्वतःपुरती तपासणी करावी.

त्या मुलीचे चित्र परत आणणे आता बहुधा शक्य नाही. ती कोणत्या जिल्ह्यातून आली होती, हेही साखरशाळेच्या हजेरीपटापलीकडे कोणाला सांगता येणार नाही. मात्र यापुढे आमच्या महाविद्यालयामार्फत होणाऱ्या प्रत्येक उपक्रमात, चित्रे मुलांकडेच राहतील ही अट पहिल्या पत्रातच लिहिली जाते. त्या अटीमुळे एका गटाने येण्याचे रद्द केले. दुसरा गट आला आणि त्याने जाताना मुलांच्या चित्रांच्या प्रती मागितल्या. काही मुलांनी दिल्या, काहींनी दिल्या नाहीत. नाही म्हणणाऱ्या मुलांकडे त्या परदेशी विद्यार्थ्यांनी आश्चर्याने पाहिले आणि मग हसून मान डोलावली. कलाशिक्षणाच्या दृष्टीने त्या उपक्रमाचे सर्वांत मोलाचे फलित तो नकारच होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.